पेटीचा दोष

६ नोव्हेंबर, गुरुवार

मिरजेच्या पेटीवाल्या चाचांनी फोनवर सांगितलं म्हणे, "नुसतं 'बिघडली' म्हणून आणू नका. कधी बिघडते, कुठल्या सुरावर बिघडते, ते लिहून आणा." फोन आमच्या भजनातल्या काळुरामने लावलेला. मोबाईलवर मला हल्ली कुणाचंच धड बोलणं कळत नाही, रेंजच नसते घरात. काळुराम माझ्यासमोर उभा राहून एकेक शब्द सांगत गेला. म्हणून ही वही. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये पंचवीस वर्षं बाटल्यांवर लेबलं लावतोय, त्यामुळे नोंदी ठेवायचा मला कंटाळा नाही.

आजची नोंद. देवळात गुरुवारचं भजन. वरच्या सप्तकात गंधारापासून पुढे पेटी फुटक्या पत्र्यासारखी वाजते. एक पट्टी दाबली तर दोन सूर येतात, डावीकडे एक आणि उजवीकडे जरासा निराळा. सगळ्यात वरचे चार-पाच सूर कधी लागतात, कधी नाही.

साईनाथ म्हणाला, "पेटी चांगली आहे रे." तो आमचा बुवा, म्हणजे मुख्य गाणारा. डोंबिवलीला झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं. त्याला आता कळत नाही. त्याचा स्वतःचा गळाही उतरलाय, ते मान्यच केलं पाहिजे. काळी तीनमध्ये गाणारा माणूस वर्षभरात काळी एकवर आला. पाच पट्ट्या खाली!

साईनाथ आणि मी आठवीपासून एकत्र. तो वरच्या षड्जाला जाऊन थांबायचा आणि मी तोच सूर खालून धरायचो. तेव्हा त्याचा गळा कुठला आणि माझी पेटी कुठली ते वेगळं काढता यायचं नाही. मला वाटायचं मीच गातोय. मला गाता येत नाही, बेडकासारखा आवाज आहे माझा. पण तेवढा एक क्षण वाटायचं. वर्ष झालं, तो क्षण आला नाही. प्रत्येक गुरुवारी वाटतं आज येईल.

९ नोव्हेंबर, रविवार

आज पेटी उघडून भाता पाहिला. कुठे गळत नाही.

बायको, सगुणा, हल्ली चिडकी झालीय. एकच गोष्ट तीनदा सांगते, आणि तिसऱ्यांदा ओरडून. सकाळी म्हणाली, गॅस आणा. मी म्हटलं, कालच तर आणला. मग ओरडली, "दारावं साईनाथ आलाय! कवाची बेल वाजतेय!" बेलही बदलायला झालीय.

साईनाथसोबत त्याची मुलगी कृतिका होती. पेटीच्या क्लासला जाते ती. गेले तीन-चार गुरुवार तीही एक लहान पेटी घेऊन माझ्या मागे बसते. साईनाथ म्हणतो, शिकायला बसते. मी काय ते ओळखलं. आपली मुलगी हळूहळू माझ्या जागेवर बसवायची आहे त्याला. तोंडावर सांगत नाही इतकंच. चहा पिताना ती बापाला काहीतरी बोलली, आणि मी वळल्यावर दोघंही गप्प झाले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पेटीची नोंद नाही, पण लिहितो. लॅबमध्ये मॅडमनी सल्फेट मागितलं आणि मी सल्फाइड दिलं. मुलांनी त्यात ॲसिड घातलं, आणि सगळ्या लॅबभर सडक्या अंड्यांचा वास. खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढावं लागलं. मॅडम म्हणाल्या, "आनंदाभाऊ, मी दोनदा सांगितलं होतं." सर्दी झाली म्हणून त्या मास्क लावून आलेल्या. मास्कमधून कुणाला काय कळणार?

पंचवीस वर्षांत एकदाही माझी बाटली चुकली नव्हती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आजची नोंद. पुन्हा तेच. वरचा षड्ज जवळजवळ गेला.

साईनाथ पूर्वी माझ्या शेजारी बसायचा. हल्ली समोर बसतो, तोंड माझ्याकडे करून. गुडघा दुखतो म्हणाला, तसं बसलं की बरं वाटतं. गातानाही डोळे उघडे ठेवतो. आधी डोळे मिटून गायचा आणि तेच बरं दिसायचं.

आंबिवलीच्या भजन स्पर्धेची आठवण झाली. फेब्रुवारीतली गोष्ट. आमचा नंबर आला नाही. परीक्षक सगळ्यांदेखत म्हणाले, "बुवांनी पट्टी फार खाली घेतली, भजन चढलंच नाही." साईनाथ मान खाली घालून उभा होता. मी मागून म्हणालो, "बरोबर आहे. आता गळा ऱ्हायला नाय त्यांचा." खरं होतं तेच बोललो.  तरी परतताना तो गाडीत माझ्यासाठी जागा धरून बसलेला. बाकीचे मात्र आठवडाभर माझ्याशी तुटक वागले. काळुराम तर म्हणाला, "तुला अक्कल कवा येल?" काळुरामचं मला बरं वाटतं. पखवाज वाजवणारा माणूस, जे बोलतो ते खणखणीत बोलतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज भजनाला पेटी नेलीच नाही, गोणपाटात बांधून ठेवलीय. परवा पहाटे निघायचं. काळुरामची गाडी. तो, साईनाथ आणि मी. शनिवारी मिरज, रविवारी परत.

सगुणा डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट देणार होती. मी म्हटलं, देवाधर्माच्या वस्तूचं काम आहे, सुकट नको. ती हसली. मग मला जवळ बोलावून समोर बसवलं आणि म्हणाली, "मिरजेला काय सांगतील ता नीट आयका. रागाव नका." मी का रागवेन?

आम्ही तिघं मिळून असं कुठे गेलो त्याला एकवीस वर्षं झाली. पूर्वी दर हिवाळ्यात कुठे ना कुठे जायचो. काळुरामच्या जागेवर बिल्डिंगी झाल्या, माझी मुलं मोठी झाली, साईनाथला दुकानातून सुटता येईना. तीच तिघं आहोत, पण निघायला काहीतरी मोडावं लागतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. मिरज, संध्याकाळ

नीट क्रमाने लिहितो. 

पहाटे पाचला शीळफाट्यावरून निघालो. मी मागे पेटी धरून बसलेलो. पुढे ते दोघं बोलत होते. गाडीच्या आवाजात मला काही कळत नव्हतं. एकदा साईनाथने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा पुढे बघून काळुरामला काही बोलला. मी झोपेचं सोंग घेतलं. कऱ्हाडच्या पुढे नाश्त्याला थांबलो तेव्हा मात्र जुने दिवस आल्यासारखं झालं. काळुरामने मिसळीच्या तर्रीने शर्ट रंगवून घेतला आणि साईनाथ इतका हसला की चहा नाकात गेला.

मिरजेत साडेबाराला पोचलो. तंतुवाद्यं करणाऱ्यांची गल्ली म्हणजे काय असते ते मी आज पाहिलं. दुकानांच्या छताला वाळलेले भोपळे टांगलेले, दारात अर्धे झालेले तंबोरे, आत माणसं मान खाली घालून लाकूड तासतायत. लाखेचा वास. प्रत्येक दुकानात कुणीतरी एखादी तार छेडून बघत होतं. काळुराम गल्लीच्या तोंडाशीच थांबला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "आयला, पाय काढून चालावं असं वाटतं." मला हसू आलं. पाय नाही, चप्पल म्हणायचं असेल त्याला.

चाचा सत्तरीचे असतील. पांढरी दाढी, चष्मा दोरीने बांधलेला. मी त्यांना ही वही दिली. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, सल्फाइडचीसुद्धा नोंद. मला लाज वाटली, ती पानं फाडायला हवी होती. वाचून झाल्यावर त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि पेटी उघडली.

दीड तास लागला. एकेक पट्टी काढली, प्रत्येक सुराची पितळी जीभ उजेडात धरून पाहिली. तंबोरा जुळवून घेतला आणि एकेक सूर त्याच्याशी लावून पाहिला. मग सगळं परत बसवलं आणि भात्यावर फडकं फिरवत म्हणाले, "पेटीला काही झालेलं नाही. अशी जपलेली पेटी मी फार दिवसांत पाहिली नाही."

मी म्हटलं, "मग वरचे सूर?"

"वरचे सूरही आहेत."

"नाहीत. मी वर्षभर ऐकतोय."

चाचांनी साईनाथकडे पाहिलं. साईनाथने मान फिरवली. मग ते मला म्हणाले, "असं करा. पाठ करून बसा. मी एकेक सूर धरतो, कानावर आला की बोट वर करा."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीवर एका सतारीचा सांगाडा टांगलेला, बिनतारांचा. मी बोट वर करत गेलो. मग थांबलो. पुष्कळ वेळ काहीच आलं नाही. वाटलं म्हातारा दमला असेल. वळून पाहिलं तर त्यांचं बोट सगळ्यात वरच्या पट्टीवर होतं आणि डाव्या हाताने भाता हलत होता. काळुराम जमिनीकडे बघत होता. साईनाथचे डोळे भरलेले.

चाचा म्हणाले, "हा शेवटचा. याच्या आधीचे चार वाजवून झाले."

"तुम्ही दाबलेच नाहीत."

त्यांना राग आला नाही. माझ्याजवळ सरकून, समोर येऊन, सावकाश म्हणाले, "सूर निघतायत. तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. पेटी माझ्याकडे आणलीत, पण दाखवायचं दुसरं काही आहे."

मी उठलो आणि बाहेर पडलो. चप्पल चुकून साईनाथची घातली. चालत दर्ग्याशी गेलो. तिथे उरुसाला मोठमोठे गाणारे हजेरी लावून जातात म्हणतात. मी चिंचेखाली बसलो. तासाभराने ते दोघं शोधत आले. साईनाथ माझी चप्पल घालून आलेला, त्याला ती लहान होते. 

म्हाताऱ्याने बदमाशी केली. दुरुस्तीला काही निघालं नाही म्हणून खापर माझ्यावर.

लॉजवर आलो. काळुराम म्हणाला, "हा पंखा बंद करा रे, केवढी किरकिर." साईनाथने उठून बंद केला आणि म्हणाला, "सुटलो."

मला पंखा चालू असतानाही शांतच वाटत होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार. मिरज, सकाळ

रात्रभर डावा कान उशीत घालून पाहिला, मग उजवा. उजवा उशीत घातला की मग काहीच उरत नाही.

सातला गच्चीवर गेलो. साईनाथ आधीच तिथे बसलेला. समोर सगळी कौलं आणि लांब रेल्वेचं यार्ड. त्याने मला हाताला धरून स्वतःच्या समोर बसवलं. तो समोर का बसतो ते मला तेव्हा कळलं. इतका वेळ लागला.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून."

"कसं?"

"तुजा हात वर गेला का तू शोधायला लागतंस. बोट बरोब्बर पट्टीवं असतं आणि तू मान वर करून बगतंस, सूर गेला कुठं म्हणून. मना ता बगवेना."

"म्हणून पट्टी उतरवलीस?"

तो यार्डाकडे बघायला लागला.

"साईनाथ, गळा गेलेला नाय तुजा?"

त्याने मान हलवली. नाही.

मी आंबिवलीचं नाव काढलं नाही, माझ्याच्याने निघेना. त्यानेही काढलं नाही. पण आम्ही दोघंही तेच आठवत होतो. हा माणूस परीक्षकापुढे मान खाली घालून उभा होता. माझ्यासाठी पाच पट्ट्या खाली उतरून. आणि मागून मी बोलत होतो.

"आणि कृतिका?"

"तुजा वरचा सूर सुटला तर ती मागून हलूच धरते. भजन पडू नये म्हणून. तिला मीच सांगितलेला. तुना कळू देऊ नको, ताही मीच सांगितला."

मला काहीतरी फोडावंसं वाटलं. मी म्हटलं, "वर्षभर तुम्ही सगळे मिळून नाटक करताय! मना एकदा सांगायचास तरी!"

"सांगितलेला," साईनाथ म्हणाला. "दोनदा. तुना आयकाला आला नाय."

काळुराम तेव्हाच जिन्यातून तीन कप चहा घेऊन वर येत होता. त्याने ते ऐकलं आणि खो खो हसत सुटला. चहा हिंदकळून हातावर सांडला तरी हसतोय. मग साईनाथ हसायला लागला. मग मी. हसता हसता मला रडू कधी आलं ते कळलं नाही. काळुरामने भाजलेला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

परत निघण्याआधी चाचांकडे गेलो. मी वाकून पाया पडायला लागलो तर त्यांनी अडवलं. त्यांनी एक नवा तंबोरा मांडीवर घेतला, माझा उजवा कान भोपळ्याशी टेकवला आणि खालची जाड तार छेडली. ती मला सबंध आली, कानात आणि गालातही. किती वेळ तसाच बसलो कोण जाणे. त्यांनी वरची तार छेडलेली मला कळली नाही आणि मी विचारलंही नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे गेलो, सगुणा सोबत. काचेच्या खोलीत बसवून बटण दाबायला लावलं. मग कागदावर आलेख दाखवला. रेघ डावीकडून नीट चालते आणि मग मध्येच खाली कोसळते. असले आलेख मी लॅबच्या भिंतीवर कितीतरी चिकटवलेत, वाचायला कुणी लागत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, मोठ्या आवाजात काम केलंय का? आमच्याकडच्या हळदींमध्ये स्पीकरला पाठ लावून पंधरा वर्षं ऑर्गन वाजवला, ते मी सांगितलं नाही. सगुणाने सांगितलं.

"गेलेलं परत येईल का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मशीन लावा, बोलणं नीट कळेल. गाण्याचं मात्र सांगता येत नाही."

भजनाला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप दिला.

५ डिसेंबर, शुक्रवार

मशीन मिळालं. दोन्ही कानांना. घरात इतके आवाज आहेत हे विसरून गेलेलो. भांडी, चपला, कागद. सगुणा भाजी चिरताना स्वतःशी बोलते. ते ती कायमच करते की हल्ली करायला लागली, विचारायचा धीर झाला नाही.

दार लावून पेटी काढली. वरच्या षड्जावर बोट ठेवलं. सूर आला. खरंच आला. पण मोबाईलच्या रिंगटोनसारखा, बारीक आणि परका. मशीन काढून वाजवलं तर फुटका पत्रा. लावून वाजवलं तर रिंगटोन. मला जो हवाय तो दोन्हींत नाही. तो आता फक्त आठवणीत आहे. आठवणीत मात्र इतका स्वच्छ आहे की झोपेतून जागा होतो.

पेटी बंद करून तिच्यावर डोकं ठेवून बसलो.

९ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी पेटी घेऊन साईनाथच्या घरी गेलो. कृतिकेसमोर ठेवली आणि म्हटलं, "गुरुवारपासून तू वाजव. आणि काळी तीन लाव."

ती बापाकडे बघायला लागली. साईनाथ म्हणाला, "तू नसशील तर मी गात नाय."

"मी असणारच आहे. समोर बसेन."

"आनंदा, काळी एकमध्ये चाललाय ता बरा चाललाय."

"नाही चाललेलं. तू वर्षभर पोटात ठेवून गातोयस. माझ्यासाठी पुरे झालं." मग बोललोच, "आंबिवलीला मी जे बोललो, त्याच्यासाठी..."

"सोड."

"नाही सोडणार. मना बोलू दे."

आणि बोललो. कृतिकेसमोर. ती मधेच उठून आत गेली, पाणी आणायच्या निमित्ताने, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

देवळात सगळे जमल्यावर मी उभा राहिलो.  म्हटलं, "बुवांचा गळा गेलाय असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. गळा गेलेला नाही. माझे कान गेलेत. ते माझ्यामुळे खाली गात होते." मशीन काढून सगळ्यांना दाखवलं. कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही, कारण मशीन हातात होतं. काळुरामने पखवाजावर एक थाप मारली, ती मात्र आली.

मग मी ऐकणाऱ्यांत जाऊन बसलो, खांबाशी. लग्नाच्याही आधीपासून या देवळात मी पेटीमागेच बसत आलोय. इथून देव वेगळा दिसतो. सगुणा बायकांतून उठून आली आणि माझ्या उजव्या बाजूला बसली. गावात असं कुणी बसत नाही. दोघी-तिघींनी वळून पाहिलं. ती ढिम्म हलली नाही.

कृतिकेने काळी तीन धरली. साईनाथने सुरुवात केली. त्याची नजर माझ्यावर. मी ओठ वाचत होतो, शब्द कळत होते. तो वर जायला लागला आणि मला दिसलं, तो अडखळतोय. माझ्याकडे बघतोय, मला येतंय की नाही ते शोधतोय, आणि तिथेच थांबतोय. वर्षभराची सवय.

मी डोळे मिटून घेतले.

मिटल्याबरोबर शब्द गेले. पखवाज राहिला, टाळांची खरखर राहिली, आणि पलीकडे कुठेतरी एक बारीक काहीतरी, तारेवरून वारा जावा तसं. मी त्याच्यामागे जायचा प्रयत्न केला. ते वर गेलं आणि मग काहीच नव्हतं. मी त्या काहीच-नाहीमध्ये बसून राहिलो. मनातल्या मनात बोट त्या पट्टीवर ठेवून. दाबून. धरून.

सगुणाने माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

मी डोळे उघडले. साईनाथचे डोळे मिटलेले होते, तोंड वर, गळ्याची शीर ताठ. काळुरामचा हात पखवाजाच्या वर थांबलेला. सगळं देऊळ थांबलेलं.

"लागला?" मी सगुणाला विचारलं. मोठ्याने विचारलं असणार, पुढचे दोघं वळले.

तिने नुसती मान डोलावली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. हिला सुरातलं काही कळत नाही, असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.